मराठी ख्रिस्ती जीवनातील देवदूत

मराठी वृत्तपत्रांत 'देवदूत' हा शब्द अलीकडे फार सैल हाताने वापरला जातो. पुराच्या पाण्यातून माणसे बाहेर काढणारा नावाडी, आगीत शिरणारा अग्निशामक दलाचा जवान, 2020 आणि 2021 या करोनाच्या वर्षांत रुग्णालयांत राबलेल्या परिचारिका, या साऱ्यांना वार्ताहरांनी हेच नाव दिले. वाचणाराला त्यात काही परके वाटत नाही आणि ख्रिस्ती धर्माची आठवणही होत नाही. परंतु संकटाच्या घटकेला देवाने धाडलेला, हाताला धरून बाहेर नेणारा रक्षक हा जो अर्थ या शब्दाला आज चिकटला आहे, तो आपल्या जुन्या वाङ्मयातील देवदूताच्या अर्थाहून बराच वेगळा आहे. माझ्या मते तो अर्थ घडविण्यात मराठी ख्रिस्ती समाजाच्या चारशे वर्षांच्या प्रार्थनेचा, पुराणांचा आणि बायबलच्या भाषांतरांचा मोठा वाटा आहे.

शब्द मात्र ख्रिस्ती नाही. महाभारताच्या वनपर्वात मुद्गल ऋषीची कथा आहे. उंछवृत्तीने राहणाऱ्या या ऋषीला स्वर्गात नेण्यासाठी देवदूत विमान घेऊन येतो. मुद्गल त्याला स्वर्गाचे गुण आणि दोष विचारतो. पुण्य सरले की तेथूनही खाली यावे लागते, असे दूत प्रांजळपणे सांगतो आणि ऋषी त्याला विमानासह परत पाठवितो. स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिराला नरकाच्या वाटेने घेऊन जाणारा देवदूतच आहे. पाली वाङ्मयात तर या शब्दाला अगदी निराळे वळण लागले. मज्झिमनिकायातील देवदूतसुत्तात यमराजा पापी माणसाला विचारतो, की तुला देवदूत दिसले नाहीत का. आणि हे देवदूत म्हणजे म्हातारा माणूस, आजारी माणूस, प्रेत अशी नित्य दिसणारी दृश्ये असतात. येथे दूत सोबत करीत नाही, इशारा देतो. आपल्या पुराणपरंपरेत रक्षण करणारे दूत आहेतच. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाला यमदूतांच्या पाशातून सोडविणारे विष्णुदूत कीर्तनकारांनी घरोघरी पोचविले आहेत. पण ते अजामिळाच्या जन्मापासून त्याच्याजवळ उभे नव्हते. नाम ऐकले तेव्हा आले आणि काम झाल्यावर गेले.

ख्रिस्ती कल्पनेतील दूताचे मूळ नावही 'निरोप्या' एवढेच आहे. हिब्रूतील 'मलाख' आणि ग्रीकमधील 'आंगेलोस' या दोन्ही शब्दांचा अर्थ निरोप नेणारा असाच होतो. बायबलमध्ये त्यांपैकी पुष्कळ जण अनाम आहेत. अब्राहामाच्या तंबूच्या दारी आलेले पाहुणे, याकोबाच्या स्वप्नातील शिडीवरून चढणारे-उतरणारे, रिकाम्या कबरीपाशी स्त्रियांशी बोलणारे, यांतील कोणालाही नाव दिलेले नाही. नावे कळतात ती मीखाएल, गाब्रिएल आणि राफाएल या तिघांचीच. त्यातही राफाएल ज्या तोबिताच्या ग्रंथात तरुण तोबियासचा वाटाड्या म्हणून येतो, तो ग्रंथ कॅथलिकांना मान्य आहे आणि प्रॉटेस्टंट पंथांच्या बायबलमध्ये नाही. त्यामुळे वसईच्या मुलाला तीन मुख्य देवदूत ठाऊक असतात आणि नगरच्या मुलाला दोन. पुढील काळात पंडितांनी त्यांच्या नऊ श्रेणी लावल्या, ते देहरहित आहेत की कसे याची चर्चा केली, आणि 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने देवाने दृश्य सृष्टीप्रमाणे ही अदृश्य सृष्टीही निर्मिली असे जाहीर केले. या सर्व खटाटोपातला कळीचा मुद्दा एकच होता. देवदूत हा निर्मिलेला आहे. तो देव नव्हे, देवाचा अंशही नव्हे, आणि त्याची पूजा करावयाची नाही.

हा मुद्दा मराठीत कसा सांगावा, हा प्रश्न ज्यांच्यापुढे प्रथम उभा राहिला त्यांत इंग्लंडमधून आलेले जेज्वीट फादर थॉमस स्टीफन्स अग्रगण्य होत. 1579 च्या ऑक्टोबरात ते गोव्यात उतरले आणि उरलेले सारे आयुष्य त्यांनी मुख्यतः साष्टीत घालविले. त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पैले पुराण आणि दुसरे पुराण असे त्याचे दोन भाग असून ओव्यांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांनी आपल्या जुन्या पुराणांच्या जागी वाचावयास काही मागितले, त्या मागणीतून हा ग्रंथ जन्मला. रविवारी आणि सणाच्या दिवशी देवळात लोक जमले, की तो वाचला व गाइला जाई. 1649 आणि 1654 साली तो पुन्हा छापावा लागला, यावरून त्याची लोकप्रियता कळते.

स्टीफन्सना ज्या श्रोत्यांशी बोलावयाचे होते त्यांच्या मनात आकाश रिकामे नव्हते. गंधर्व, यक्ष, सिद्ध, विद्याधर, गण, अप्सरा यांनी ते भरलेले होते. यांतले बरेचसे पूजेचे अधिकारी होते, आणि त्यांना शाप, उःशाप, जन्म, पुनर्जन्म सारे काही होते. अशा श्रोत्याला देवाच्या सिंहासनाभोवती असंख्य तेजस्वी सेवक उभे आहेत असे सांगितले तर तो ते सहज मानील. पण त्यांच्यापुढे नारळ फोडावयाचा नाही हे पटविणे अवघड. स्टीफन्सनी स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्याचे धाडस केले. ओवीचा छंद, संतकवींचे शब्दवैभव, उपमांची रेलचेल हे सारे त्यांनी स्वीकारले. मात्र कथेचा आरंभ त्यांनी असा योजिला, की वैकुंठातील या सेवकांचेही देवाशी नाते स्पष्ट व्हावे. देवदूतांची निर्मिती, त्यांतील सर्वांत तेजस्वी अशा लुसिफरचा गर्व, त्याचे पतन, आणि मग मानवाची कथा, हा तो क्रम होय. बायबलच्या पहिल्या पुस्तकात लुसिफरच्या पतनाची कथा नाही. ती चर्चच्या परंपरेने निरनिराळ्या वचनांवरून जुळविली आहे. स्टीफन्सच्या हातात मात्र ती अतिशय उपयोगाची ठरली. जो वैकुंठात राहूनही खाली कोसळू शकतो तो देव असू शकत नाही, एवढे साध्या शेतकऱ्यालाही आपोआप उमजते. तर्कशास्त्रातील प्रमाणांपेक्षा कथा अधिक काम करते, हे ज्ञान त्यांनी एकनाथांच्या काळच्या महाराष्ट्राकडूनच घेतले असावे, असे मला वाटते.

स्टीफन्सचे धाकटे समकालीन फ्रेंच जेज्वीट एतियेन द ला क्रुआ यांनी संत पीटरच्या चरित्रावर मराठीत मोठे पुराण रचले. ते 1634 पर्यंत गोव्यात छापून पुरे झाले. पीटरची कथा म्हटली की त्यातला तुरुंगाचा प्रसंग आलाच. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात देवदूत रात्री पीटरला जागा करतो, त्याच्या बेड्या गळून पडतात आणि पहाऱ्यातून तो बाहेर येतो. तो आपल्या लोकांच्या दारी येऊन ठोठावतो, तेव्हा दासी आत जाऊन सांगते, पण कोणाचा विश्वास बसत नाही; तो पीटर नसून त्याचा देवदूत असेल, असे ते म्हणतात. प्रत्येक माणसाला आपला असा एक दूत असतो आणि तो त्याच्यासारखाच दिसतो, अशी समजूत पहिल्या शतकातील सामान्य ख्रिस्ती माणसांत होती, हे त्या एका उद्गारातून कळते. गंमत अशी, की याच माणसांना देवदूताचे येणे सहज शक्य वाटते आणि तुरुंगातून सुटलेला मित्र दारात उभा असणे अशक्य वाटते.

गोव्यातूनच दुसरी एक वाट उत्तरेकडे गेली होती. 1580 साली रोदोल्फो आक्वाविवा आणि आंतोनियो मोन्सेरात हे जेज्वीट फत्तेपूर शिक्रीला अकबराच्या दरबारी पोचले. त्यांनी बादशहाला अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल भेट दिले. 1595 मध्ये जेरोम झेवियर लाहोरला गेले आणि त्यांनी अब्दुस्सत्तार इब्न कासिम यांच्या साहाय्याने 1602 साली फार्सीत ख्रिस्तचरित्र सिद्ध केले. स्टीफन्स साष्टीत ओव्या रचीत होते त्याच काळातली ही गोष्ट. झेवियरना मात्र देवदूत समजावून सांगण्याचे कष्ट पडले नाहीत. इस्लाममध्ये जिब्रील आणि मीकाईल आधीपासून होते. फरिश्ता कशाला म्हणतात हे दरबारातील प्रत्येकाला माहीत होते. तेथे वाद झाले ते ख्रिस्ताच्या देवत्वावर, दूतांवर नव्हे. मोगल चित्रकारांनी तर युरोपीय छापील चित्रांतले पंखधारी बालक उचलून जहांगिराच्या तसबिरींत बादशहाच्या डोक्यावर उडविले आणि लाहोरच्या किल्ल्यातील काला बुर्जाच्या छतावर देवदूतांचा थवा रंगविला. पूजेची भीती नव्हती म्हणून देवदूत येथे अलंकार होऊ शकला.

दिल्लीहून मेरठच्या वाटेवर गाझियाबाद लागते. तेथून पुढे मेरठ ओलांडले की सरधना. बेगम समरू 1781 साली आग्र्यास कॅथलिक झाली. महादजी शिंद्यांच्या उत्तरेतील राजकारणात तिचे नाव वारंवार येते, आणि 1803 च्या असईच्या लढाईत तिच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूने उभ्या होत्या. मराठी इतिहास वाचणाऱ्याला ती परकी नाही. तिने आंतोनियो रेगेलिनी या इटालियन स्थापत्यकाराकडून बांधविलेले सरधन्याचे मंदिर 1961 साली बॅसिलिका म्हणून गौरविले गेले. आज गाझियाबादचे कॅथलिक 1956 मध्ये स्थापन झालेल्या मेरठ धर्मप्रांतात मोडतात. नोकरीच्या निमित्ताने तेथे जाऊन राहिलेला मराठी ख्रिस्ती माणूस रविवारी उपासनेला गेला, की त्याच्या कानी 'स्वर्गदूत' पडतो. आणि शेजारच्या बाकावरच्या वृद्धाच्या तोंडी 'फरिश्ता' असतो. हिंदी बायबलने 'स्वर्ग' हा शब्द पुढे केला, उर्दूने फार्सी परंपरेचा आधार घेतला, आणि मराठीने 'देव' शब्द कायम ठेवला. स्वर्गाचा दूत आणि देवाचा दूत यांत फरक तो काय, असे कोणी म्हणेल. तो आहे. मराठी शब्दात दूताचा मालक नावानिशी सांगितलेला आहे, हिंदी शब्दात केवळ त्याचे गाव.

कोकणीने मात्र यांपैकी काहीच केले नाही. तिने पोर्तुगीजांचा 'आंजो' घेऊन त्याचा 'आंज' केला आणि वाद संपविला. 1684 च्या फर्मानाने पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांवरच घाव घातला. गोव्यात ख्रिस्तपुराणाचे वाचन हळूहळू मागे पडले, आणि शिल्लक राहिले ते देवळांतले पुतळे, सण आणि बायकांच्या तोंडच्या प्रार्थना. ताळगाव आणि हणजूण येथील चर्चे संत मीखाएलला वाहिलेली आहेत. ताळगावात दरवर्षी 21 ऑगस्टला कणसांचे फेस्त होते. गावकर नव्या भाताची कणसे कापतात, पाद्री त्यांना आशीर्वाद देतो. पायाखाली सैतान तुडविणारा, हाती भाला आणि तराजू घेतलेला मीखाएल युरोपात योद्ध्यांचा कैवारी होता. येथे त्याच्या देवळात भाताचे पहिले पीक येते. याच मुलखात गावाच्या सीमेवर, वडाखाली, तळ्याकाठी रात्री फिरणारा 'राखणदार' मानणारी श्रद्धा हिंदू समाजात खोल रुजलेली आहे. जेथे प्रत्येक गावाला राखणदार असतो, तेथे प्रत्येक जिवाला राखणारा आंज असतो हे शिकविणे जड गेले नसणार. पाद्र्यांनी या साम्याचा मुद्दाम उपयोग केला, असे मी म्हणत नाही. ते साम्य लोकांच्या जगण्यातच होते.

उत्तर कोकणात, वसईच्या पट्ट्यात, मराठी हीच धर्माची भाषा झाली. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, त्यांच्या घंटा मराठ्यांनी देवळोदेवळी नेऊन टांगल्या. पण गावोगावची ख्रिस्ती वस्ती राहिली. माणिकपूरचे संत मीखाएलचे चर्च 1606 चे. येथील घरांत देवदूत आठवणीत राहतो तो मुख्यतः घंटेमुळे आणि माळेमुळे. सकाळी, दुपारी आणि तिन्हीसांजेला वाजणारी घंटा ही गाब्रिएलने मारियेला दिलेल्या निरोपाची आठवण आहे. शेतातला माणूस ती ऐकून क्षणभर थांबे, डोक्यावरचे काढी आणि मग पुन्हा कामाला लागे. त्रिकाळ संध्येची सवय असलेल्या देशात ही रीत कोणाला विचित्र वाटली नाही. माळेची गोष्ट याहून लक्षणीय आहे. रात्री जेवणापूर्वी किंवा नंतर घरातील सारी माणसे गुडघे टेकून रोझरी म्हणतात. तीत 'नमो मरिया' ही प्रार्थना पन्नासहून अधिक वेळा येते, आणि तिचे पहिले शब्द गाब्रिएलच्या अभिवादनाचे आहेत. म्हणजे देवदूताला हाक मारण्याऐवजी आजी, सून, नातू रोज रात्री देवदूताचेच बोलणे बोलतात. मिस्सेतही तसेच घडते. यशयाला झालेल्या दर्शनात सराफीमांनी केलेला देवाच्या पावित्र्याचा घोष प्रत्येक मिस्सेत सारी मंडळी करते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1965 च्या सुमारास, लॅटिन जाऊन मराठी आली, तेव्हा आपण आजवर कोणाचे शब्द म्हणत होतो हे पुष्कळांना प्रथमच कळले असेल. त्याच सुमारास एक गोष्ट गेलीही. तेराव्या लिओ पोपने 1886 पासून मिस्सेच्या शेवटी लावलेली मीखाएलची प्रार्थना बंद झाली. जुन्या पिढीतील माणसे ती घरी म्हणत राहिली. अंधारात, पावसात, विहिरीवरून परतताना तिचा त्यांना आधार होता.

अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे चित्र पालटते. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत 1813 पासून आणि नगरास 1831 पासून चालले. 1826 मध्ये मिशनऱ्यांनी मराठी नवा करार छापला आणि 1847 मध्ये संपूर्ण बायबल. त्याआधी 1811 मध्ये विल्यम कॅरींनी श्रीरामपूरहून नवा करार काढला होताच. या पंथाला मध्यस्थ नको होते. योहानाच्या प्रकटीकरणात योहान दूताच्या पाया पडू लागतो तेव्हा दूत त्याला मना करतो आणि देवालाच नमन कर असे सांगतो. कलस्सैकरांच्या पत्रात देवदूतांच्या पूजेचा निषेध आहे. ही वचने नगरच्या उपदेशकांना तोंडपाठ असत. त्यांच्यासमोरचा श्रोता मुख्यतः महार आणि मांग वस्तीतला होता. मरीआई, म्हसोबा, वेताळ यांच्या धाकात वाढलेला, आणि त्यांचे नैवेद्य भागविता भागविता कर्जात बुडालेला. त्याला अदृश्य शक्तींची आणखी एक फौज नको होती, असलेल्या फौजेपासून सुटका हवी होती. म्हणून नगरच्या ख्रिस्ती साहित्यात देवदूत नाताळच्या रात्री मेंढपाळांना भेटतो, कबरीपाशी उभा राहतो, आणि बाकी वेळ फारसा दिसत नाही. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजन-कीर्तनाला मराठी घाट दिला. त्यांच्या भक्तीचा सारा ओघ थेट ख्रिस्ताकडे जातो. वारकऱ्याला विठ्ठल भेटावयास मध्यस्थ लागत नाही, तसाच हा प्रकार. त्यांनी आरंभिलेले आणि लक्ष्मीबाईंनी बहुतांशी पूर्ण केलेले 'ख्रिस्तायन' स्टीफन्सच्या पुराणाशेजारी ठेवून वाचले, तर तीन शतकांत मराठी ख्रिस्ती काव्याचे आकाश किती मोकळे झाले हे ध्यानात येते. मोकळे झाले असे मी म्हणतो. कॅथलिक वाचक कदाचित रिते झाले म्हणेल.

या दोन्ही पंथांचे धर्मशास्त्र जेथे अडखळते ती जागा म्हणजे मेलेले मूल. माणूस मेल्यावर देवदूत होतो, असे कोणतेही चर्च शिकवीत नाही. देवदूत आणि माणूस या दोन वेगळ्या जाती आहेत. तरीही तान्ह्या मुलाच्या मृत्यूनंतर ते देवदूत झाले असे सर्वत्र म्हटले जाते. पोर्तुगीजांत अशा बाळाला 'आंजिन्यो', लहानगा देवदूत, हेच नाव होते. मत्तयच्या अठराव्या अध्यायात लहानग्यांचे दूत पित्याचे मुख नित्य पाहतात असे वचन आहे. त्याचा अर्थ मुलांना राखणारे दूत असा असला, तरी आईच्या मनाला दूत आणि मूल वेगळे करावेसे वाटत नाही. जुन्या कॅथलिक विधीनेही येथे थोडी सूट दिली होती. बाप्तिस्मा झालेले बाळ गेले, तर काळी वस्त्रे वापरीत नसत. पांढरी वापरीत, आणि शोकाच्या मिस्सेऐवजी देवदूतांची मिस्सा गाण्याची मुभा असे. पटकी, देवी, प्लेग यांच्या काळात घरटी एखाददुसरे मूल जाई, तेव्हा त्या पांढऱ्या वस्त्रांचे मोल काय असेल हे सांगावयास नको.

ज्याला बाप्तिस्मा मिळाला नाही त्याचे काय? त्या बाळासाठी ही मिस्सा नव्हती, आणि आशीर्वादित दफनभूमीतही त्याला जागा मिळत नसे. म्हणूनच निकडीच्या वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, ही शिकवण मिशनऱ्यांनी सुइणींपर्यंत नेली. पंडितांनी अशा बाळांसाठी 'लिंबो' नावाची एक सुखाची, पण देवाच्या दर्शनाविना असलेली जागा कल्पिली होती. ती धर्मसिद्धांत कधीच नव्हती. तरी आयांना ती खरीच वाटत असे. 1969 च्या नव्या अंत्यविधीत बाप्तिस्मा न झालेल्या मुलांसाठीही प्रार्थना आल्या. 2001 साली रोमने लोकभक्तीविषयी एक मार्गदर्शिका काढली, तीत मीखाएल, गाब्रिएल आणि राफाएल यांखेरीज देवदूतांना नावे देऊ नयेत असे बजावले. आणि 2007 मध्ये आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र मंडळाने पोपच्या अनुमतीने एक निबंध प्रसिद्ध करून या बाळांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार आहे असे म्हटले. तोपर्यंत वसईतील आणि गोव्यातील कित्येक आयांनी आपल्या नाव नसलेल्या मुलांना देवदूत म्हणत आयुष्य काढले होते.